तोकड्या शब्दांचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या इमारतीतल्या पोरांच्या परीक्षा संपतात आणि जिन्यात धुडगूस सुरू होतो. यंदा तर खालच्या मजल्यावरची मुलगी सरळ माझ्या घरात आली आणि तिने माझ्या नाकासमोर मोबाइल धरला. "आजी, हे बघा. इंग्रजीतले सगळे छोटे शब्द. दोन अक्षरांचे, तीन अक्षरांचे, अर्थासकट. एवढे पाठ केले की शब्दांच्या खेळात कुणी हरवूच शकत नाही!" मी चष्मा न लावता विचारलं, "झॅक्स आहे का त्यात?" तिने बोटाने सरकवत शोधलं. होता. अर्थ मीच सांगितला, "छपरावरच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार." पोरीचे डोळे चमकले. "तुम्ही खेळायचा आजी? मग या ना आमच्यात!" मी तिला म्हटलं, जाताना दार ओढून घे, झळ आत येते. मुलगी गोड आहे, तिचा काही दोष नाही.

मला हे शब्द आवडत नाहीत. इंग्रजीशी माझं भांडण नाही, ती मी लग्नानंतर स्वयंपाकघरात बसून, पोळ्या लाटता लाटता शिकले आणि चांगली शिकले. माझा राग या तोकड्यांवर आहे. ऑक, एम्यू, याक, इलँड. जी जनावरं जालन्याच्या गुरांच्या बाजारात कधी आली नाहीत, त्यांची नावं. जी मापं आमच्या कापडवाल्यांनी कधी धरली नाहीत, ती मापं. शिंप्याच्या दुकानात शिवण झाल्यावर खाली कातरणं पडलेली असतात, तसे हे शब्द. कातरणं गोळा करून कुणी सदरा शिवत नाही. आमच्या घरात एका माणसाने तसा शिवायचा प्रयत्न केला होता, आणि तो माणूस शहाणा होता, म्हणून अजून जास्त राग येतो.

निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कुंडलिकेचं पात्र फाल्गुनातच कोरडं पडलेलं. अलीकडे जुना जालना, पलीकडे कादराबाद, आणि मध्ये पांढरी तापलेली वाळू. कापसाचा हंगाम सरलेला, त्यामुळे जिनचे भोंगे मुके झालेले, पण रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना अडकलेला कापूस अजून तसाच होता. कडुलिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडू-गोड वास कचेरीच्या आवारापासून आमच्या गल्लीपर्यंत पसरायचा. आजही तो वास आला की लोक डोळे मिटून छान म्हणतात. मी खिडकी लावून घेते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मुनशी होते. कोणत्या खात्यात ते लिहीत नाही, ते खातं आता राहिलेलं नाही. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. काळी शेरवानी घालून, गुडघ्यावर कागद ठेवून ते मसुदा लिहायला बसले की लेखणी थांबायची नाही. विहीर ढासळली, बांध फुटला, गंजीला आग लागली, कुणाचा बैल कुणाच्या उसात शिरला, सगळ्या गोष्टी त्यांच्या उर्दूत अशा उतरायच्या की वाचणाऱ्याला घटना डोळ्यांसमोर दिसावी. गावातली माणसं कामाशिवायही त्यांच्याजवळ येऊन बसत आणि म्हणत, "अण्णा, वाचा की जरा." अण्णा वाचत. त्यांना त्याचा गर्व होता आणि मला त्यांच्या गर्वाचा गर्व होता.

मग राज्य बदललं. कचेरीतली उर्दू गेली आणि इंग्रजी आली. ती काही बैलगाडीने हळूहळू आली नाही, एका हुकमासरशी आली. मुंबई इलाख्यातून नवे साहेब आले. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही. त्यांची नातवंडं असतील कुठेतरी, त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. गोरे, उंच, तलम धोतराचे, तोंडात सदैव सुपारी. आमच्या बोलण्याची त्यांना मोठी गंमत वाटायची. "करून राह्यलो म्हणजे काय हो? करून कुठे राहिलात?" असं ते भर कचेरीत विचारत आणि आपणच हसत. त्यांनीच सगळ्या मुनशींना गोळा करून सांगितलं की पावसाळ्याच्या आत इंग्रजीची परीक्षा होईल. पास होईल तो जालन्यात, आपल्या जागेवर. नापास होईल त्याला खालची जागा आणि जाफराबाद.

आमच्या घरात जाफराबाद या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. तिथे मुलींची शाळा चौथीपर्यंत होती आणि मी सहावीत होते. शाळा मला जिवापलीकडे आवडायची. माझी पाटी, माझा बाक, भूगोलाच्या बाईंचा तो मोठा नकाशा, सगळं. अण्णा नापास झाले तर हे सगळं संपणार होतं. आईने ते मला चुलीपुढे बसून स्पष्ट सांगितलं. "तुझ्या बापाची परीक्षा हाय, आन् तुझी बी त्याच्यातच हाय. त्यांना तरास देऊ नको."

साहेबांना संध्याकाळी करमायचं नाही. जालन्यात त्यांच्या तोलामोलाचं कुणी नव्हतं, असं ते म्हणत. त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. त्यात पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर. डाव चौघांचा. प्रत्येकाने मूठभर तुकडे उचलायचे आणि मधल्या टेबलावरच्या पाटावर शब्द जुळवायचे. एक्स, झेड, क्यू असली अडनिडी अक्षरं वापरली की गुण जास्त. साहेबांनी त्यात आपला एक नियम घातला होता. शब्द लावला की अर्थही सांगायचा, नाही आला तर तुकडे उचलायचे. पान-सुपारीचं तबक मध्ये ठेवून ते मुनशींना म्हणाले, "परीक्षेची कसली धास्ती घेता? रोज इथे बसा, खेळता खेळता इंग्रजी येईल."

अण्णांना ते लगेच पटलं, आणि का पटलं हे आजच्या माणसाला सांगावं लागेल. अण्णा लहानपणी फारसी शिकले ते मशिदीच्या ओट्यावर, मौलवीसाहेबांपुढे डुलत डुलत, शब्द आणि अर्थ तालात म्हणत. आब पाणी, आतिश आग, खाक माती, बाद वारा. वाक्यं कुणी शिकवलीच नाहीत. शब्दांची पोती भरत गेली आणि एक दिवस फारसी आली. आमच्या भागातली शिकलेली पिढीच्या पिढी अशी शिकलेली. अण्णांना वाटलं, भाषा म्हणजे अशीच येते. पण ते फारसी शब्द ज्या उर्दूत जाऊन बसले ती उर्दू अण्णा आधीपासून बोलत होते. पाहुण्यांना घर तयार होतं. इंग्रजी शब्दांना अण्णांच्या डोक्यात उतरायला ओसरीसुद्धा नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त अण्णांचा आवाज ऐकू यायचा.

सकाळी न्हाणीतून तो आवाज यायचा. पाण्याच्या तांब्यागणिक एक शब्द. "ऑक्स बैल, ॲक्स कुऱ्हाड, फॉक्स कोल्हा, बॉक्स पेटी. ऑल आरी, ॲड्झ वाकस, हो फावडं, हब तुंबा." चांभाराची आरी, सुताराचा वाकस, गाडीच्या चाकाचा तुंबा, आमच्याच गल्लीतल्या वस्तू गोऱ्यांच्या नावाने न्हाणीतून बाहेर येत होत्या. आई चुलीपुढून ओरडायची, "आवं, आंघोळ करून राह्यले का शाळा भरवून राह्यले? पाणी गार झालं की!"

"तुला काय कळतंय?" अण्णा आतून म्हणायचे. "फारसी बी अशीच आल्ती मला. मंग ही का न्हाई येणार?"

"येऊ द्या बाई. जल्दी येऊ द्या."

आणि ते पुन्हा सुरू व्हायचे. मी दप्तर भरताना त्या तालावर मान हलवायची. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते. माझ्या बापाच्या गळ्यात गोडवा होता. जिन म्हणजे सरकी काढायचं यंत्र, हा शब्द त्यांनी मला कौतुकाने सांगितला. जालन्याचं पोर झोपेतसुद्धा जिन म्हणत होतं, तो इंग्रजी आहे हे तेव्हा कळलं. अण्णा म्हणाले, "बघ, निम्मी इंग्रजी तर आपल्याला येतीच हाय."

या शब्दांचा एक दुष्टपणा आहे. ते पटकन येतात. मोठा शब्द माणसाला आपली लायकी दाखवतो, दमवतो, परत पाठवतो. हे चिमुकले पहिल्याच भेटीत मांडीवर येऊन बसतात आणि आपल्याला वाटतं, ओळख झाली. व्हेक्स म्हणजे छळणे. रू म्हणजे पस्तावणे. वो म्हणजे दुःख. केवढ्या मोठ्या गोष्टी, आणि केवढ्याशा चिंधीत बांधलेल्या. इज, ऑफ, टू, द, हे खरे कामाचे गडी, पण त्यांना डावात गुण नव्हते, म्हणून साहेब त्यांना भुसा म्हणायचे. अण्णांनीही त्यांना कधी जवळ केलं नाही. झॅक्स पाठ केला. जालन्यात एकाही घरावर दगडी पाट्यांचं छप्पर नव्हतं.

करीमचाचा आमच्या शेजारी राहायचे, कचेरीत अण्णांच्या बाजूलाच बसायचे. दोघे एकाच मौलवींचे शिष्य. चौथी खुर्ची खरं म्हणजे त्यांची होती. पण थोड्या दिवसांनी त्यांनी यायचं बंद केलं आणि एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून अण्णांना सांगितलं, "अण्णासाब, इत्ते लफ्जां जमा कर को क्या करते आप? एक चिठ्ठी तो लिख को देखो इनसे. नै होती. मेरे को ये खेल नक्को. मैं पिन्शन ले को घर बैठतूं."

अण्णा म्हणाले, "चाचा, तुमचं बरं हाय, तुमची पोरं हाताशी आली. मला अजून ही हाय." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

तिन्हीसांजेला अण्णांना कमी दिसायचं. म्हणून नदीचं पात्र ओलांडून साहेबांच्या बंगल्यावर जाताना मी सोबत असायची. करीमचाचा सुटल्यावर चौथा गडी मिळेना, तेव्हा साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. "बस गं. मजा येईल." माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. न्हाणीतलं सगळं इंग्रजी मला पाठ होतं. मी इ, डब्ल्यू, इ लावलं. "अर्थ?" साहेब म्हणाले. मी म्हटलं, "मेंढी. मादी." साहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! तुमच्यापेक्षा पोरगी हुशार आहे हो, मुनशी!" अण्णांचं तोंड आनंदाने फुललं. त्या वाक्यात त्यांच्यासाठी काय होतं ते त्यांनी ऐकलं नाही, फक्त माझ्यासाठी काय होतं तेवढं ऐकलं. बाप असेच असतात बहुतेक. मला मात्र दोन्ही ऐकू आलं आणि मी त्या माणसाचा द्वेष करायला लागले.

द्वेषाला आणखी कारण लगेचच मिळालं. डाव संपला की ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याच्यापुढे साहेब आपल्या हाताने तीन तुकडे मांडायचे. ए, एस, एस. "वाचा मोठ्याने." तो माणूस वाचायचा. "अर्थ?" तो माणूस सांगायचा, "गाढव, साहेब." मग सगळे हसायचे. पन्नाशीची, नातवंडं असलेली, ज्यांच्या शब्दावर गावात भांडणं मिटत अशी माणसं स्वतःला गाढव म्हणून हसायची. माझ्यापुढे ते तुकडे कधी मांडले नाहीत, मी लहान म्हणून. ज्या दिवशी ते अण्णांपुढे मांडले त्या दिवशी मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. अण्णांनी वाचलं. अर्थ सांगितला. आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

परत येताना वाळूत मी त्यांना विचारलं, "तुम्ही कामून हसलात?"

"अगं, खेळ हाय तो. खेळात कोन राग धरतं का?"

"मी धरते."

"तसं करू नये. साहेब शिकवून राह्यले आपल्याला. शिकवणाऱ्याचा राग धरू नये. मौलवीसाहेब तर छडीनं मारायचे."

मी म्हटलं, "मौलवीसाहेब शिकवायचे." अण्णांनी वाळूतून चालत चालत पुन्हा ताल धरला. ऑक्स बैल, ॲक्स कुऱ्हाड. पण त्या संध्याकाळी तो ताल मला गोड लागला नाही.

हळूहळू अण्णा जिंकायला लागले. त्यांची पाठांतराची ताकद जबरदस्त होती. दुसऱ्याला इंग्रजी शब्द आठवेपर्यंत ते तीन लावून मोकळे. साहेबांना ते जिंकणं फारसं आवडलं नाही, पण अण्णांना धीर आला आणि त्या धीरावर त्यांनी एकदा, माझ्यादेखत, दबकत विचारलं, "साहेब, एखादा अहवाल इंग्रजीत कसा लिहायचा, तेवढं एकदा दाखवता का? नमुना म्हणून." साहेब तुकडे हलवत होते. वर न पाहता म्हणाले, "आधी डाव पुरा करा." डाव पुरा झाला, तेव्हा साहेब जेवायला उठले. पुढच्या वेळीही तेच. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या पिढीत मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा टोकत नसत.

साहेबांना माहीत होतं. हे मी कुठल्याही पुराव्याशिवाय लिहिते आहे आणि त्याची मला लाज नाही. जो माणूस स्वतः रोज पानंच्या पानं इंग्रजी लिहायचा त्याला ठाऊक होतं की एम्यू आणि ऑक यांनी अहवाल लिहिता येत नाही. त्याला संध्याकाळी चार माणसं हवी होती. ती त्याने परीक्षेची भीती दाखवून मिळवली. घरात कुणी म्हटलं की सोड गं, त्या काळी अधिकारी असेच असायचे, तर मला त्या म्हणणाऱ्याचाही राग येतो. त्या काळी करीमचाचाही होते. त्या काळी नाही म्हणता येत होतं.

परीक्षेच्या दिवशी आईने अण्णांची शेरवानी धोपटून धोपटून झटकली आणि तिला इस्त्री केली. दही-साखर हातावर दिली. परीक्षा घ्यायला बाहेरगावचा कुणी आला होता. मी ओट्यावर बसून वाट पाहत होते. ऊन उतरल्यावर अण्णा आले. चपला काढल्या, शेरवानी काढली, घडी केली, खुंटीला न लावता पेटीत ठेवली. आईने पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, तांब्याकडे बघत बसले.

"काय आल्तं?" आईने विचारलं.

"गवताच्या गंजीला आग लागली. त्याचा अहवाल लिहा म्हनले."

"मंग? असे तर किती लिहिले तुम्ही!"

"लिहिले ना." अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "सगळे शब्द येत होते गं मला. आग येत होती, गवत येत होतं, बैल येत होता. उभे राह्यले डोळ्यापुढं एका रांगेत. पर हलंनात. एक बी दुसऱ्याचा हात धरंना. मी बसून राह्यलो बघत त्यांच्याकडं. घंटा झाली." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद कोराच दिला. उर्दूत लिहू का म्हनून इचारलं, तर हसला तो."

आईने चूल फुंकायला घेतली, चूल पेटलेली असतानाच. मला कुणावर राग काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी त्या शब्दांवर काढला. त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी वैर आहे. भुकेच्या वेळी घरात पोतंभर काहीतरी असावं आणि सोडून बघावं तर सगळा कोंडा निघावा, तसं त्यांनी माझ्या बापाला फसवलं.

आज छापील कोडी येतात, पुरवण्यांतून शब्दांचे डाव येतात, मोबाइलवर अनोळखी माणसाशी खेळता येतं. ओळखीच्या एक प्राध्यापकबाई मला म्हणाल्या, शब्दसंग्रह वाढतो हो. वाढू दे. मी त्यांना विचारलं, आणि वाढवून काय बोलायचं? त्यांना माझा स्वभाव विचित्र वाटला असणार. पूर्वी मी लोकांना समजावून सांगायची. आता नाही सांगत. या वयात माणसाला चिडायचा हक्क असावा आणि त्याचं कारण दर वेळी मागू नये.

हुकूम आला तो पावसाच्या तोंडावर, रोहिण्यांत. जाफराबाद, खालची जागा. आईने भांडी गोणपाटात बांधली. माझी पाटीही तिने त्याच गोणपाटात घातली आणि मी ती काढून घेतली नाही. आमची निघायची तयारी झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचा शिपाई आला. मुनशींना बोलावलंय, मुलीला घेऊन या. आई म्हणाली, "बिलकुल जायचं न्हाई आता. काय राह्यलं तिथं?" अण्णा म्हणाले, "मोठा मानूस हाय. निरोप घ्यावा लागतो." त्यांनी पेटीतून शेरवानी काढली.

ओसरीवर पाट मांडलेला होता. दोन मुनशी आधीच बसले होते, पास झालेले. साहेब प्रसन्न होते. म्हणाले, "मुनशी, तुमचं झालं ते झालं. मला वाईट वाटलं. पण मुलीचं नुकसान कशाला? राहू दे तिला इथेच, बंगल्यावर. शाळा चालू राहील. घरात आमच्या मंडळींना हाताखाली कुणीतरी होईल. आणि आम्हाला चौथा गडी मिळेल." ते हसले आणि खुर्चीकडे हात केला. "बस गं, तुझी जागा तयारच आहे."

ती रिकामी खुर्ची अण्णांची होती, मी बसायची ती करीमचाचांची नव्हे. अण्णा बाजूला उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे एवढी आशा होती की मला बघवेना. शाळा. नकाशा. बाक. सगळं त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, आणि ते माझ्यासाठी हात जोडून म्हणत होते, "लई उपकार होतील, साहेब. पोरगी कामाची हाय. बस बेटा. बस."

मी बसले नाही. मी म्हटलं, "मी न्हाई ऱ्हाणार इथं."

"का बरं?" साहेबांनी विचारलं. खरोखरच नवल वाटून विचारलं.

"तुम्ही माझ्या वडलांना गाढव म्हनायला लावलं. स्वतःला."

एका मुनशीने सुपारीचं तबक उगाच सरळ केलं. साहेबांचं तोंड आधी लाल झालं, मग ते हसले. "अगं वेडे, खेळ होता तो. मुनशी, सांगा हो तिला."

अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. मला वाटलं, आता मार बसणार आणि माफी मागावी लागणार. ते म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली, साहेब." एवढंच म्हणाले. मग आम्ही पायऱ्या उतरलो. मागून कुणी हाक मारली नाही.

नदीच्या पात्रात आल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि ते शेरवानीसकट वाळूत खाली बसले. वाळू अजून गरम होती. "तुझी शाळा गेली, बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ द्या." तर ते तोंडावर दोन्ही हात घेऊन हमसून हमसून रडायला लागले. मी माझ्या बापाला तोवर रडताना पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही. काय करावं ते मला कळेना. मी त्यांच्या आणि बंगल्याच्या मध्ये उभी राहिले, म्हणजे तिकडून कुणाला ते दिसू नयेत.

ती शाळा मला परत मिळाली नाही. अण्णांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, साहेबही गेले असतील. घरातली म्हणतात, आता तरी सोडून द्या. का सोडू?